स्कोलीन नको

मंगळवार, ५ नोव्हेंबर

काय खाल्लं आणि कधी दुखलं ते लिहीत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून कुलदीपने त्याच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातली ही डायरी आणून दिली. वर्ष संपत आलं, पानं कोरीच आहेत. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही मिठागराच्या हंगामात बुडवून. पण अक्षर बरं आहे.

सकाळी भाकरी, चहा. दुपारी भात आणि पातळ डाळ. काशीने सुकटीची चटणी ताटात वाढली नाही, मीही मागितली नाही. दुखलं नाही. संध्याकाळी दिवाळीची उरलेली चकली खाल्ली. दुखलं. काशी म्हणाली, "लिवा आता. बायकोचा ऐकला नाय म्हनून दुखला, असा लिवा." लिहिलं.

पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. अलिबागच्या सर्जननी सोनोग्राफी दाखवली. पिशवी काढायची म्हणाले, दुर्बिणीतून, पोटाला लहान भोकं पाडून. पूर्ण भूल द्यावी लागेल म्हणाले. त्यानंतर ते आणखी बरंच बोलले, पण मला काही ऐकू आलं नाही. कुलदीपने सगळं ऐकून घेतलं. तो माझा मुलगा, पण त्याला भुलीची भीती नाही. तो तेव्हा पाळण्यात होता.

आमच्या घरात कुणी भूल घेत नाही. दात काढायचा तर दाताला दोरा बांधतो.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

भाऊला सांगितलं. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ चांगदेव. वडील गेल्यापासून घर त्याच्या शब्दावर चालतं. तो म्हणाला, "आपले घरान भूल चालत नाय. देवीने सोडवलेला हाय आपल्याला एकदा. दुसऱ्यांदा सोडवल का? काढा पी."

मी काढा प्यालो. दुखलं.

का चालत नाही ते लिहून ठेवतो. आमची धाकटी बहीण कमळ नवरा गेल्यावर माहेरी आली. तिचं अपेंडिक्स फुगलं तेव्हा एका लहान दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. ऑपरेशन आटपलं, पण तिचा श्वास परत येईना. सकाळी आत नेलेली पोर दिवेलागणीला डोळे उघडून बसली. आणि बोलली ते असं, की मी सगळं ऐकत होते, माझ्या अंगात माझा श्वास नव्हता, दुसरंच कुणीतरी माझ्यासाठी श्वास घेत होतं. आमची आई तिथेच लोटांगण घालून पडली. देवीने श्वास दिला. गावात आली तेव्हा वेशीवर बायका पंचारती घेऊन उभ्या होत्या.

तेव्हापासून दर शुक्रवारी कमळ ओटीवर पाटावर बसते आणि लोक नारळ घेऊन कौल मागतात. मुलगी कुठे द्यावी, होडी कधी लोटावी, कोर्टात काय होईल. ती फारसं बोलत नाही. पदरातले तांदूळ डाव्या किंवा उजव्या हाताला टाकते. लोक तिला नुसतं बाय म्हणतात, आणि आता आम्हीही.

भाऊ गेली काही वर्षं एक हात धोतराच्या निऱ्यांवर दाबून अगदी सावकाश बसतो. मोठेपणा अंगात भिनला की माणूस असाच बसतो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कुलदीपने न विचारता तारीख घेतली होती. भुलीच्या डॉक्टरना दाखवायला गेलो. भाऊ बरोबर आला, मला परत आणण्यासाठी. भुलीच्या डॉक्टर म्हणजे अमिषाबाई, वयाने माझ्या सुनेएवढ्या. जबडा उघडायला लावला, मान मागे करायला लावली, पायऱ्या चढताना दम लागतो का विचारलं. मग म्हणाल्या, "घरात कुणाला भुलीचा कधी त्रास झाला होता का?"

मी तोंड उघडलं. भाऊ म्हणाला, "नाय. आमचे घरान कुनी भूल घेतलीच नाय."

त्यांनी लिहून घेतलं. मी तोंड मिटलं.

येताना गाडीत मी म्हणालो, "भाऊ, खोटं का सांगितलंस?" तो म्हणाला, "खोटा काय? ती काय भूल होती? तो चमत्कार होता. उद्या दवाखान्यातल्या पोरी येतील आन् बायला सुया टोचतील. सांग तवा गावाला काय तोंड दाखवशील."

जेवलो नाही, तरी दुखलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

काशीला सांगितलं, पेणला कोर्टाच्या कागदाला जातो. एसटीने अलिबागला गेलो. या वयात बायकोशी खोटं बोललो, पण भाऊने सांगितलेल्या खोट्यापुढे हे लहान आहे.

अमिषाबाई चहा पीत होत्या. मी उभ्यानेच म्हणालो, "बाई, परवा भाऊ खोटं बोलला." आणि कमळचं सगळं सांगितलं. देवीचंही सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि दार लावून घेतलं.

म्हणाल्या, झोपेचं औषध वेगळं आणि अंग ढिलं करायचं वेगळं. झोपला तरी पोट घट्ट राहतं, घशात नळी जात नाही. म्हणून स्नायू ढिले करतात. तेवढा वेळ श्वासाचे स्नायूही ढिले, म्हणून श्वास मशीन देतं.

मी विचारलं, "आणि झोप आधी उतरली, ढिलेपणा तसाच राहिला तर?"

त्या म्हणाल्या, "नाना, तुमच्या बहिणीचं तेच झालं असणार."

मग त्यांनी कपाटातून तीन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. मला समजेना, तेव्हा त्यांनी विचारलं, "शेती खारीत हाय ना तुमची? उघाडी ठाव हाय ना?" बोलता बोलता त्या एकदम आमच्यासारखं बोलल्या. माहेर उरणकडचं आहे म्हणाल्या. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं, शेतातलं पाणी खाडीत सोडतं. मी आयुष्यभर उघाड्या राखल्या आहेत.

मला समजलं ते असं. मेंदूचा निरोप आला की स्नायूची उघाडी उघडते, मिटते. पहिली बाटली स्कोलीन. ते धक्का देऊन दार उघडतं आणि उघडंच धरून ठेवतं. मग निरोप आला तरी दार हलणार कसं? फार लवकर काम करतं आणि लवकर निघूनही जातं, कारण रक्तातला एक रस त्याला खाऊन टाकतो. पण काही घरांत तो रसच नसतो. मग स्कोलीन दार धरून बसतं ते बसतं.

"आई-वडील नात्यातले होते?" त्यांनी विचारलं.

"आई वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्यात पहिला मान तिचाच."

"मग दोन्हीकडून एकच बी आलं असेल."

दुसरी बाटली अॅट्राक्युरियम. ते दार उघडत नाही, दारात आडवं बसतं. चढायला थोडा वेळ घेतं. पण त्याला खायला कुणी लागत नाही, अंगाच्या उबेने आपलं आपण विरतं. मी म्हणालो, पावसातलं मीठ. तिसरी रोक्युरोनियम. तेही आडवंच बसतं, मात्रा वाढवली की स्कोलीनसारखं झटकन बसतं, पण जायला वेळ लावतं. त्याला धरून नेणारं एक वेगळं औषध आहे. मी म्हणालो, खेकड्याला फग, म्हणजे पिंजरा.

मी म्हणालो, "मला पावसातलं मीठ द्या. पण अर्धंच द्या."

"अर्धं का?"

"म्हणजे अर्धा मी माझ्या ताब्यात राहीन."

"अर्धी उघाडी मिटली तर काय होतं, नाना?"

"शेत खारं होतं."

त्यांनी बाटल्या परत कपाटात ठेवल्या. 

मी निघताना म्हणाल्या, बहिणीला आणा. नेमकं काय झालं ते तिच्याच तोंडून ऐकायचं आहे, आणि दोघांचं रक्त तपासायचं आहे. आणा म्हणे. बायला आणा. भाऊ तिला एकटीला अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊ देत नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर. पौर्णिमा

आज मी काय केलं तेही लिहिणार.

त्रिपुरी पौर्णिमा आणि शुक्रवार एकत्र, म्हणून ओटी भरली होती. भाऊ दारात उभा राहून एकेकाला आत सोडत होता. मी काशीकडून नारळ घेतला आणि रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे ठमी होती, कोलंबीच्या जाळ्याची ठमी. ती म्हणाली, "दादूनाना, तुमी घरचेच, रांग कनाला?" मी म्हणालो, "घरच्यांना कौल मिळत नाही."

भाऊने मला बघितलं. लोकांसमोर अडवता येईना. मी कमळपुढे बसलो, नारळ ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कमळ, त्या दिवशी दवाखान्यात तुला काय झालं होतं?"

किती वर्षांनी तिला नावाने हाक मारली.  भाऊ म्हणाला, "दादू, ऊठ."

मी उठलो नाही. म्हणालो, "माझं पोट कापायचं आहे, तुझं नाही. मला विचारायचा हक्क आहे. कमळ, सांग."

कमळने पदरात हात घातला. तांदूळ काढले नाहीत. माझा नारळ उचलला आणि माझ्या मांडीवर परत ठेवला. बायका हळहळल्या. नारळ परत करणं म्हणजे देवीने तोंड फिरवणं. आजवर तिने कुणाचा नारळ परत केलेला नाही.

मी आत आमच्या खोलीत येऊन निजलो. सख्ख्या बहिणीने चारचौघांत नाकारलं. मान जाईल म्हणून घाबरली असेल. जाऊ दे. मी एकटा जाईन आणि तिथल्या झाडूवालीलाही सांगेन, स्कोलीन नको.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सकाळी मागच्या दाराने कमळ आली. पायात काशीच्या चपला, हातात पिशवी. म्हणाली, "चल. कुलदीपची गाडी कुठं हाय?"

मी म्हणालो, "नारळ परत केलास ना?"

"देवीला इचारलास असता तर ठेवून घेतला असता," ती म्हणाली. "तू मना इचारलास."

याचा अर्थ मला नीट लागला नाही. गाडीत ती खिडकीला नाक लावून बसली होती. थळच्या कारखान्याच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. खुळावली की काय असं वाटलं.

अमिषाबाईंनी तिला खुर्ची दिली. ती सांगू लागली.

"मी जागी होते. पापणी उचलना. वाटला, मेले, आन् मेल्यावर असा ऐकू येत असंल. टाका घातला तो कळला. वराडायचा होता, पन कशानं? छातीच माजी नव्हती. एक मानूस रबराचा फुगा दाबत होता. दम लागला त्याला. नर्स बोलली, सर, मी धरते. तो बोलला, नको, ताल चुकंल. सगला दिस दाबला त्यानं. मना वाटायचा, आंगठा तरी हलंल. जीव लावला मी आंगठ्याला. कुनी बगितलाच नाय."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे घरी कुणाला सांगितलं नाहीत?"

"सगल्यांना सांगितला. आईला, भाऊला, याला. बोलले, एक मानूस माज्यासाटी श्वास घेत होता." कमळने माझ्याकडे बघितलं. "तर यांनी हलदकुंकू आनला."

मी खाली बघत होतो. मला वाटलं ती आमच्यावर चिडली आहे. पण आवाज चिडलेला नव्हता.

मग डॉक्टरबाईंनी एक छोटं यंत्र आणलं. माझ्या मनगटावर दोन चिकट्या लावल्या आणि बटण दाबलं. माझा अंगठा आपोआप उडाला. टक, टक, टक, टक. मी ओरडलो. ऑपरेशन चाललेलं असताना आम्ही हे बघत असतो, त्या म्हणाल्या. औषध किती चढलं, किती उतरलं, ते अंगठा सांगतो. तो नीट उडेपर्यंत झोप उतरू देत नाही.

"म्हंजी तुमी आंगठ्याकडं बगता?" कमळने विचारलं.

"हो."

"सगला वेळ?"

"सगळा वेळ."

कमळने स्वतःचा हात पुढे केला. तिला लावलं. तिचा अंगठा उडत राहिला आणि ती बघत राहिली. पुरे का, असं विचारलं तर म्हणाली, अजून एकदा.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

रक्ताचा रिपोर्ट आला. कमळच्या रक्तात तो रस नसल्यातच जमा आहे. माझ्यात निम्मा. डॉक्टरबाई म्हणाल्या, स्कोलीन दिलं असतं तर श्वास परत यायला तुम्हाला थोडा उशीर झाला असता, बहिणीइतका नाही. एवढं घर डोक्यावर घेतलं आणि निघालं काय, निम्मं. जरा खट्टूच झालो. काशी म्हणाली, "पुरता आजार पाहिजे होता का? सांगून ठेवा देवाला."

तारीख शुक्रवारची मिळाली. भाऊ आला. बसला नाही, उभाच राहिला.

"शुक्रवार? बायच्या वाराला? दुसरा दिस नाय मिलत?"

"सर्जन शुक्रवारीच ऑपरेशन करतात."

"माजा ऐक. काय झाला तर गाव बोलंल, देवीनं कोप केला."

"आणि नाही झालं तर काय बोलेल? तेही ऐकू दे की एकदा."

"दादू, तू माज्यापेक्षा लहान हाय."

"लहान आहे. पण पिशवी माझी आहे, खडे माझे आहेत. बांधाला भगदाड पडलं तर वार बघून बुजवतोस का तू?"

भाऊचा चेहरा पांढरा पडला. मला आनंद झाला. मग त्याने निऱ्यांवर हात दाबला आणि गेला. त्याची हार झाली म्हणून त्याचं तोंड तसं झालं असणार.

बुधवार, २० नोव्हेंबर

मत देऊन आलो. केंद्रावर कुणी माझ्याशी बोललं नाही. ठमीने मात्र विचारलं, शुक्रवारी बाय बसणार ना? मी म्हणालो, तिला विचार. हे उत्तर मला आवडलं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

दाखल झालो. उद्या सकाळी पहिला नंबर. आतापर्यंत ज्यांना सांगितलं, स्कोलीन नको: दोन नर्स, सर्जन, त्यांचा सहायक, जेवण आणणारा, शेजारच्या खाटेवरचा मूळव्याधीचा माणूस. तो घाबरून विचारतो आहे, मलाही नको का? मी म्हणालो, तुझे आई-वडील नात्यातले का? तो म्हणाला, तुम्हाला काय करायचंय. बरोबर आहे.

अमिषाबाई म्हणाल्या, ती बाटली उद्या खोलीतच ठेवत नाही, नाना. त्यांनी माझ्या केसपेपरवर लाल अक्षरात लिहिलं आहे. मी वाचून घेतलं. दोनदा वाचलं.

भीती वाटते. पण परत जाणार नाही. काशीला तसं सांगितलं तर म्हणाली, गाडी कुलदीप घेऊन गेलाय, जाल कसे?

शनिवार, २३ नोव्हेंबर

जिवंत आहे. पोटाला पट्ट्या आहेत. आज पोटात ठेवलेल्या नळीतून पाणी काढलं. काल लिहिता आलं नाही.

काल आत नेलं तेव्हा बोटाला क्लिप लावणाऱ्या मुलीने शाई बघितली आणि म्हणाली, मत दिलंत वाटतं. मी म्हणालो, हो, आणि स्कोलीन नको. हे शेवटचं बोललो.

नंतर आवाज आला, "नाना, अंगठा हलवा." मला वाटलं, डोळे उघडत नाहीत, म्हणजे तेच झालं. कमळसारखं झालं. सगळा जीव अंगठ्यात आणला. आणि तो हलला. कुणीतरी म्हणालं, हलला, हलला. तो आवाज डॉक्टरबाईंचा नव्हता.

डोळे उघडले तर कमळ. शुक्रवार असताना कमळ. माझा अंगठा मुठीत धरून उभी. डोक्यावर त्यांनी निळी टोपी घातली होती, त्यातून पांढरे केस बाहेर आलेले. डॉक्टरबाईंनी तिला आत येऊ दिलं होतं. दवाखान्याचा नियम मोडला असेल, पण कुणी हटकलं नाही.

मी म्हणालो, "तुझा पाट?"

"रिकामा हाय," कमळ म्हणाली. "जरा त्यालाबी इसावा."

आज बाहेर फटाके चालू आहेत, निवडणुकीचा निकाल आहे. कोण आलं ते माहीत नाही. काशी सांगत होती, काल ओटीवर लोक जमले, भाऊ दारात उभा होता. शेवटी म्हणाला, बाय दवाखान्यात गेलीय. लोकांनी विचारलं, आजारी हाय का? भाऊ म्हणाला, नाय. बगायला गेलीय.

दुपारी भाऊ इथे आला. खुर्चीत सावकाश बसला, तसाच, निऱ्यांवर हात दाबून. अमिषाबाई मला तपासायला आल्या होत्या. त्या माझ्याऐवजी त्याच्याकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबा, जरा बाहेर येता?" बऱ्याच वेळाने भाऊ परत आला तेव्हा कोपराच्या खोबणीत कापूस दाबून धरला होता.

मी विचारलं, "काय झालं?"

म्हणाला, "डास चावला."

अलिबागला डास फार आहेत.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

घरी. पेज, मऊ भात, उकडलेला दुधी. दुखलं नाही.

सकाळी ओटीवर पाट मांडलेला नव्हता. कमळ मागच्या दारात सुकट निवडत बसली होती. ठमी नारळ घेऊन आली आणि उभी राहिली. म्हणाली, "बाय, कौल?"

"कमळ म्हन," आमची बहीण म्हणाली. "बस. काय झाला ते सांग, ऐकते. तांदूळ टाकनार नाय."

ठमी गोंधळली. मग बसली आणि सांगू लागली. सुनेशी पटत नाही वगैरे. कमळ ऐकत होती, सुकट निवडत होती. नारळ काशीने फोडला, चटणीला घेतला. काही लोक आले आणि परत गेले. गावातला चंदर भगत अंगणात जोरात बोलत होता, की या घरावर आता देवीचा हात नाही. मी उठून दारापर्यंत गेलो. टाके ओढत होते. म्हणालो, "तीस वर्षं एका माणसाच्या हाताला तुम्ही देवीचा हात म्हणत होतात. त्याचं नावही आपण विचारलं नाही. आधी ते विचारून ये, मग बोल." तो गेला. बोलत बोलत गेला, पण गेला.

संध्याकाळी भाऊ माझ्या खाटेशी आला.  उघाडीची फळी कुजली आहे म्हणाला, यंदा बदलायला पाहिजे. मी हो म्हणालो. मग म्हणाला, "दादू, त्या औषधाचा नाव काय रे?"

"कुठल्या?"

"नको बोललास ते."

"कनाला पाहिजे?"

"असाच."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा हात निऱ्यांवर होता. इतकी वर्षं मी तो हात बघत आलो आणि मोठेपणा समजत आलो; तो हात अंतर्गळ दाबून धरत होता.

"स्कोलीन," मी म्हणालो.

"स्को-लीन," भाऊ म्हणाला. पुन्हा एकदा म्हणून बघितलं, लहान मुलासारखं, तुकडे करून. "नको म्हनून सांगायचा?"

"नको म्हणून सांगायचं. आत जाईपर्यंत, भेटेल त्याला सांगायचं."

मागच्या दारातून कमळ ओरडली, "आन् आंगठ्याकडं बगायला मी हाय."